काळी माती, खारे पाणी आणि तेलाचा गाळ

तेलविहीर खोदताना वापरला जाणारा चिखल, घातक कचरा पुरण्याच्या खड्ड्याला तळाशी दिले जाणारे अस्तर आणि बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेली कपाशीची काळी जमीन, या तिन्हींमध्ये काम करणारे मूळ खनिज एकाच कुळातले आहे. भूविज्ञानात या कुळाला स्मेक्टाइट म्हणतात. एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची ही चिकणमाती असून पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि पाणी निघून गेले की आक्रसते. आषाढात बैलाचे खूर रुतवून धरणारी आणि वैशाखात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पाडणारी जमीन ती हीच. तेलाच्या कचऱ्याचा विषय निघाला की डोळ्यांसमोर समुद्रावरचा तेलाचा तवंग येतो. पण हा कचरा जमिनीत पुरायचा ठरला, तर खरा प्रश्न तेलाइतकाच, किंबहुना अधिक, या मातीचा आणि तिच्याशी गाठ पडणाऱ्या मिठाचा असतो, आणि मीठ मातीचे काय करते हे वऱ्हाडाइतके जवळून पाहिलेले प्रदेश महाराष्ट्रात थोडेच आहेत.

वऱ्हाडात तेलविहीर नाही. महाराष्ट्राच्या वाट्याचे तेल समुद्रात आहे. ‘सागर सम्राट’ या तरत्या मंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि पुढे नळांतून किनाऱ्यावर येणारे तेल व वायू उरणच्या प्रकल्पात हाताळले जाऊ लागले. जमिनीवरची भारतीय तेलक्षेत्रे मुख्यतः गुजरातेत, आसामात आणि राजस्थानातल्या बाडमेरला आहेत. तेव्हा बडनेऱ्याच्या वाचकाला या कचऱ्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा कचरा म्हणजे नेमके काय, हे पाहणे भाग आहे.

त्याचे तीन मोठे प्रवाह आहेत. पहिला खोदाईचा. गावात बोअर मारताना गाडीभोवती राखाडी चिखल साचतो, तसाच पण शेकडो पटींनी मोठा हा पसारा असतो. पोकळ दांड्यांतून खाली सोडलेला चिखल, ज्याला या धंद्यात ड्रिलिंग मड म्हणतात, खडक कापणाऱ्या बिटला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर वाहून आणतो आणि खोलवरच्या वायूचा दाब स्वतःच्या वजनाने दाबून धरतो. त्यात पाणी किंवा तेल, घट्टपणासाठी बेंटोनाइट नावाची फुगणारी माती, जी भारतात मुख्यतः कच्छमधून येते, आणि वजनासाठी बॅराइट हे जड खनिज असते. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटचे बॅराइटचे साठे जगातल्या मोठ्या साठ्यांत गणले जातात. हा चिखल पाण्याचा की तेलाचा, यावर त्या कचऱ्याचे कायदेशीर भवितव्य ठरते, ते पुढे येईलच.

दुसरा प्रवाह पाण्याचा. तेल ज्या सच्छिद्र खडकांत साठलेले असते, त्यांत लक्षावधी वर्षे मुरलेले प्राचीन खारे पाणीही असते आणि ते तेलाबरोबर वर येते. जगभराचा ढोबळ अंदाज असा की एका पिंपभर तेलामागे सुमारे तीन पिंपे पाणी निघते, आणि क्षेत्र जुने होत जाते तसे तेल घटून पाणी वाढत जाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातल्या काही विहिरींच्या पाण्यात ते ३०० ग्रॅमपर्यंत पोहोचतात. बहुतेक ठिकाणी हे पाणी पुन्हा खोल विहिरीत दाबून सोडले जाते, पण ते गाळताना उरलेला गाळ, गाळण्या आणि नळांच्या आत धरलेली पुटे वरच राहतात.

तिसरा प्रवाह साठवणुकीच्या टाक्यांचा. टाकीत तेल पडून राहिले की जड मेण, गंज, वाळू आणि पाणी तळाशी बसते. काही वर्षांनी टाकी रिकामी करून माणसे आत उतरवून हा गाळ काढावा लागतो. तेलविहिरीपासून पेट्रोल पंपापर्यंतच्या साखळीत जिथे जिथे टाकी आहे, तिथे तिथे हा गाळ कमीअधिक प्रमाणात तयार होतो, आणि याच ठिकाणी वऱ्हाडाचा संबंध येतो.

अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या गायगावला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तेथे कच्चे तेल नसते, शुद्ध झालेले पेट्रोल-डिझेल असते, त्यामुळे गाळ तुलनेने कमी, पण जातकुळी तीच. बडनेरा हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन, अमरावती आणि नरखेडचे फाटे तेथून फुटतात, आणि जवळच रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना उभारण्यात आला आहे. अशा कोणत्याही कारखान्यात वापरलेले वंगण, ग्रीस, तेलकट कापडे, धुलाईच्या पाण्यातून निघणारा तेलगाळ हा रोजचा उपज असतो. ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घातक व इतर कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत या सगळ्याला क्रमांक आहेत: कच्चे तेल व नैसर्गिक वायूच्या उत्पादनातला कचरा दुसऱ्या वर्गात, तेलाच्या टाक्या धुण्यातून निघणारा तिसऱ्यात, आणि वंगणतेलाचा वापर करणाऱ्या उद्योगांचा पाचव्यात. म्हणजे गुजरातेतल्या विहिरीचा गाळ आणि बडनेऱ्यातल्या कार्यशाळेचा गाळ कागदावर शेजारी आहेत, आणि दोघांचा शेवटचा मुक्कामही एकाच प्रकारचा असतो.

या नियमांनी पायऱ्यांचा क्रम घालून दिला आहे. कचरा होऊ न देणे, कमी करणे, पुन्हा वापरणे, त्यातून उपयुक्त द्रव्य काढणे, सिमेंटच्या भट्टीत इंधन वा कच्चा माल म्हणून जाळणे आणि हे काहीच शक्य नसेल तर पुरणे. कारखान्याला तो आवारात साधारणतः ९० दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, आणि बाहेर पाठवताना प्रत्येक खेपेबरोबर रंगीत प्रतींची एक चिठ्ठी, मॅनिफेस्ट, जाते, जिच्या प्रती पाठवणारा, वाहून नेणारा, स्वीकारणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे राहतात. महाराष्ट्रात असा कचरा स्वीकारणारी सामाईक केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि नागपूरजवळचे बुटीबोरी येथे आहेत. विदर्भाच्या वाट्याला बुटीबोरीचे, म्हणजे बडनेऱ्याहून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरचे. एवढा पल्ला गाठण्याचा खर्च मोठ्या कंपनीच्या हिशेबात दिसतही नाही, पण चार पिंपे तेलगाळ साठलेल्या लहान कार्यशाळेला तो भारी पडतो, आणि चुकार विल्हेवाटीचे बीज बहुधा इथेच असते.

गाळ केंद्रावर पोहोचला की थेट पुरला जात नाही. आधी तो पुरण्याजोगा आहे का, हे पाहतात. त्यातली एक चाचणी अगदी साधी आहे: रंगकामात वापरतात तशा जाळीच्या कागदी गाळणीत कचऱ्याचा नमुना ठेवायचा आणि पाच मिनिटे थांबायचे, एवढ्यात खाली एक थेंब जरी पडला, तरी तो कचरा द्रव मानला जातो आणि खड्ड्यात जाऊ शकत नाही. त्याचबरोबर तो किती तापमानाला पेट घेतो आणि जाळल्यास किती उष्णता देतो, हेही मोजतात, कारण ज्यात पुरेसे इंधनमूल्य आहे असा गाळ पुरणे म्हणजे उद्याची आग जमिनीखाली ठेवणे होय. तेलाचे प्रमाण मोठे असले तर तो वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून तेल वेगळे काढता येते, किंवा भट्टीत पाठवता येतो. सिमेंटच्या भट्टीत तापमान १,४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि चंद्रपूर जिल्ह्यात अशा भट्ट्या आहेत. सूक्ष्मजीवांकडून तेल खाववण्याची वाटही भारतात चांगली मळलेली आहे. दिल्लीच्या टेरी संस्थेने तेलगाळावर वाढणाऱ्या जिवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ हे मिश्रण तयार केले, आणि ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन किनाऱ्यावर आलेल्या तेलावरही ते वापरले गेले. मात्र जिवाणू तेल खातात, मीठ खात नाहीत. उलट मीठ फार झाले तर तेच दम तोडतात.

जो गाळ यातून उरतो, त्यात चुना, सिमेंट किंवा औष्णिक केंद्राची राख मिसळून त्याचे दगड होतील असे पाहतात. राखेला विदर्भात तोटा नाही. गायगावच्याच तालुक्यात पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे. पण तेलाचा अंश जास्त राहिला की सिमेंटच्या कणांवर त्याचा पापुद्रा बसतो, पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि मिश्रण घट्ट होण्याऐवजी भुसभुशीत राहते. ही अडचण प्रयोगशाळेत लगेच दिसते, तर खड्ड्यावर काही वर्षांनी.

खड्डा म्हणजे एकावर एक घातलेल्या अस्तरांची रचना असते. तळाशी दाबून बसवलेली चिकणमाती, तिच्यावर किमान दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा, मग गळती दिसावी म्हणून खडीचा थर, पुन्हा माती, पुन्हा पडदा आणि सर्वांत वर कचऱ्यातून झिरपणारे पाणी गोळा करणारा थर. या झिरपणाऱ्या पाण्याला लीचेट म्हणतात आणि ते उपसून शुद्ध करावे लागते. मातीच्या थराने पाणी सेकंदाला एका सेंटिमीटरच्या कोट्यंशापेक्षा जास्त वेगाने जाऊ देऊ नये, अशी अट असते. हा आकडा वर्षाच्या हिशेबात साधारण तीन सेंटिमीटरचा होतो. अस्तर अभेद्य नसते, ते फक्त फार सावकाश गळणारे असते, हे या अटीतच कबूल केलेले आहे. खड्डा भरून झाकल्यानंतर तीस वर्षे देखरेख ठेवण्याची अपेक्षा असते.

आता या मातीकडे आणि मिठाकडे वळता येईल. अस्तरासाठी स्मेक्टाइट निवडतात, कारण ती फुगून स्वतःची छिद्रे बुजवते. पण हे फुगणे गोड्या पाण्यात होते. तीव्र खाऱ्या पाण्याशी, विशेषतः कॅल्शियमच्या क्षारांशी गाठ पडली की पापुद्रे एकमेकांकडे ओढले जातात, फुगवटा बसतो, कणांचे गठ्ठे होतात आणि त्यांच्यामधून वाट मोकळी होते. बेंटोनाइटच्या चटयांवरील प्रयोगांत तीव्र क्षारद्रावणांनी पारगम्यता अनेक पटींनी वाढल्याचे वारंवार आढळले आहे. म्हणजे तेलक्षेत्राचे खारे पाणी नेमक्या त्या गुणावर घाला घालते, ज्याच्या भरवशावर अस्तर उभे असते. दुसरीकडे तोच खारेपणा पावसाने विरळ झाला आणि मातीत सोडियम मागे राहिला, तर उलट घडते: कण विखुरतात, छिद्रे तुंबतात, आणि जमीन ना पाणी मुरू देते ना पिकाला श्वास. एकाच मिठाची ही दोन तोंडे आहेत, एक खड्ड्याच्या तळाशी आणि दुसरे शेताच्या वरच्या थरात.

दुसऱ्या तोंडाची ओळख वऱ्हाडाला करून द्यायला नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरांचा आहे. बडनेऱ्याला लागून असलेला भातकुली तालुका, पलीकडे दर्यापूर, ही सगळी त्याच पट्ट्यातली नावे. विहिरीला पाणी लागते, पण ते ना माणसाच्या कामाचे ना कपाशीच्या. एका पावसावर रब्बीचा हरभरा निघतो तो निघतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात या खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास केला, तेव्हा जगभर जी १५ टक्के सोडियमची मर्यादा धोक्याची मानली जाते, तिच्या कितीतरी आधी, ५ टक्क्यांच्या आसपासच या काळ्या मातीचा निचरा बिघडू लागतो, असे दिसून आले. खारपाण निसर्गाने केले, तेल कंपनीने नव्हे. पण तेलक्षेत्राच्या खाऱ्या पाण्याने किंवा गळक्या खड्ड्याने एखाद्या जमिनीचे काय होईल, हे समजण्यासाठी परदेशी अहवाल चाळण्याची गरज नाही, एवढे मात्र त्यातून निश्चित होते.

काळ्या मातीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. भूजल त्याच्या अखंड गाभ्यात नसते, झिजलेल्या मुरुमात, सांध्यांत आणि दोन लाव्हाथरांच्या मधल्या पोकळ भागांत असते, म्हणून शेजारच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी असू शकते. प्रदूषित पाणीही याच वाटांनी जाते: ते सर्व दिशांना सारखे पसरत नाही, कोणत्या तरी फटीतून अनपेक्षित लांब पोहोचते आणि मधल्या निरीक्षण विहिरीला पत्ताही लागत नाही. त्यात अमरावतीचा पाऊस, वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर, जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. वरच्या झाकणात मातीचा थर उघडा पडला तर मे महिन्यात तो फाटतो आणि मृगाच्या पहिल्या सरी भेगांतून थेट आत उतरतात. बुटीबोरीची माती आणि हवामान याहून फार वेगळे नाही.

कायद्याचा मुद्दा इथे येतो. भारतात जमिनीवरील खोदाईसाठी ३० ऑगस्ट २००५ च्या अधिसूचनेने डिझेलमिश्रित चिखलावर बंदी घातली, शक्यतो पाण्याचाच चिखल वापरावा असे सांगितले, खोदाईचा चुरा अस्तर घातलेल्या खड्ड्यातच टाकावा आणि तेलधारक थरातील चुऱ्यात तेल किलोमागे १० ग्रॅमहून अधिक नसावे असे बंधन घातले. सांडपाण्यासाठी क्लोराइडची आणि विरघळलेल्या क्षारांची मर्यादाही निराळी ठरलेली आहे. पण २०१६ च्या अनुसूचीत घातक कचऱ्याची व्याख्या करताना पाण्याच्या चिखलातून निघालेला चुरा वगळला गेला आणि उरलेल्या नोंदी ‘तेलयुक्त गाळ’, ‘तेलयुक्त चिखल’ अशा आहेत. विषारीपणाचा विचार करता ही विभागणी समजण्याजोगी आहे; तरीही घन कचऱ्याच्या वर्गवारीला तेल दिसते आणि मीठ दिसत नाही, असेच म्हणावे लागते. काळ्या जमिनीच्या मुलखात ही उणीव किरकोळ नाही.

अमेरिकेने याहून मोठी पळवाट ठेवली आहे. तिथल्या संसदेने १९८० मध्ये तेलक्षेत्राचा कचरा घातक कचऱ्याच्या कायद्यातून तात्पुरता बाहेर काढला, आणि पर्यावरण यंत्रणेने १९८८ मध्ये ती सूट कायम केली. त्यामुळे हा कचरा तिथे साध्या गावकचऱ्याच्या भराव क्षेत्रातही जाऊ शकतो. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बेल व्हर्नन या गावी काय झाले, ते बोलके आहे. शेल वायूच्या विहिरींचा कचरा घेणाऱ्या जवळच्या भराव क्षेत्राचे लीचेट गावाच्या मैलापाणी केंद्रात येत होते. केंद्रातले जिवाणू मरू लागल्याचे तिथल्या लोकांच्या लक्षात आले आणि न्यायालयाच्या आदेशाने ते लीचेट बंद करावे लागले. नॉर्थ डकोटात खाऱ्या पाण्याचा नळ ऑगस्ट २०१४ पासून जानेवारी २०१५ पर्यंत गळत राहिला आणि सरकारी अभियोगानुसार सुमारे ७ लाख पिंपे पाणी ब्लॅकटेल नावाच्या ओढ्याच्या परिसरात गेले. त्याच राज्यात २०१४ मध्ये पडक्या जागी टाकून दिलेल्या गाळण्या सापडल्या, ज्यांत रेडियम साचले होते. खोल खडकांतले हे किरणोत्सारी मूलद्रव्य खाऱ्या पाण्याबरोबर वर येते आणि पुटांत, गाळण्यांत एकवटते. भारतात अशा नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते.

तेलाचा अंश चुकीच्या वाटेने गेला की काय घडते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण उरणचे आहे. ३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तेथील प्रकल्पात आग लागली आणि चौघे मृत्युमुखी पडले. आग पावसाच्या पाण्याच्या नाल्यात लागल्याचे प्रकल्प चालवणाऱ्या ओएनजीसीनेच त्या दिवशी जाहीर केले.

बडनेऱ्याच्या रोजच्या जगण्यात हा विषय एवढ्या मोठ्या आकाराचा नाही, तो गॅरेजच्या मागच्या दारी आहे. अमरावती व बडनेरा या नगरपालिका एकत्र करून १५ ऑगस्ट १९८३ रोजी महापालिका झाली, आणि शहराचा कचरा सुकळीच्या कंपोस्ट डेपोकडे जाऊ लागला, जिथे उन्हाळ्यात आगी लागल्याच्या बातम्या नवीन नाहीत. ट्रॅक्टर, ट्रक आणि दुचाकींच्या गॅरेजमधले जळके ऑईल बहुतेक वेळा वाया जात नाही, त्याला गिऱ्हाईक असते: काही पिंपांनी पुनर्शुद्धीकरणाला जाते, काही वीटभट्टीकडे, आणि काही शेतकरी वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना फासायला नेतो. ज्याला गिऱ्हाईक नाही, ते म्हणजे तेल पिऊन काळे झालेले कापड, फिल्टर, लाकडाचा भुसा आणि टाकीच्या तळचा चिकट थर. हा माल घंटागाडीत पडला की तो घातक कचरा राहत नाही, साधा कचरा होतो; त्याला मॅनिफेस्ट नाही, गाळणीची चाचणी नाही, खाली पडदा नाही. पुनर्शुद्धीकरणाचा परवानाधारक व्यापारी पिंप न्यायला गॅरेजपर्यंत येतो, कारण त्यात पैसा आहे. कापडे आणि फिल्टर न्यायलाही कोणी येईल अशी सोय वॉर्डावॉर्डांत झाल्याशिवाय हा प्रवाह बुटीबोरीकडे वळणे कठीण आहे, आणि हे काम महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांच्या हद्दींच्या नेमके मधे पडते.

पश्चिम विदर्भासाठी उद्या जवळच दुसरे केंद्र हवे, अशी मागणी झाली तर ती गैर ठरणार नाही. अंतर कमी झाले की चोरवाटा कमी होतात. मात्र जागा निवडताना एक पेच फक्त इथेच उभा राहील. निरीक्षण विहिरींत क्लोराइड वाढले की सामान्यतः गळतीचा संशय घेतात, पण खारपाणपट्ट्यात किंवा त्याच्या कडेला क्लोराइड मुळातच भरपूर असते, आणि गळती त्या आकड्यात सहज दडून जाते. यावर उपाय आहेत. खोल तेलक्षेत्राच्या पाण्यात ब्रोमाइड आणि क्लोराइड यांचे प्रमाण, तसेच लिथियम, बोरॉन आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांची ठेवण उथळ भूजलापेक्षा बहुधा वेगळी असते, आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यावरून गळतीचा उगम ओळखला आहे. या तपासण्या महाग आहेत, पण अशक्य नाहीत. त्यांना एकच गोष्ट लागते: पहिली गाडी रिकामी होण्यापूर्वी, किमान एका उन्हाळ्यात आणि एका पावसाळ्यात, भोवतालच्या प्रत्येक विहिरीचे पाणी याच मूलद्रव्यांसाठी तपासून ठेवलेले असले पाहिजे. गाडी आल्यानंतर घेतलेला नमुना कितीही काटेकोर असला, तरी त्यातले मीठ पूर्णेचे की खड्ड्याचे, हे सांगायला तुलनेचा आकडाच हाताशी नसेल.